तौके आजारीच बरा

हूंगच्या घरात दोन पुरुष होते, आणि त्यांतला कर्ता टाकीत राहत होता.

तो मासा होता. फ्लॉवरहॉर्न जातीचा, वीतभराहून मोठा, अंगावर गुलाल उधळल्यासारखा रंग, कुशीवर कुणीतरी घाईघाईत सही केल्यासारख्या काळ्या खुणा आणि कपाळावर हे एवढं टेंगूळ. मलेशियातल्या इपोहमध्ये दुकानाच्या शेठला ‘तौके’ म्हणतात. माशाचं नाव तेच ठेवलं होतं, कारण तोही दिवसभर काही काम न करता सगळ्यांवर नजर ठेवून असायचा.

या जातीला शेजार सोसत नाही. टाकीत सोबत म्हणून एकदा दुसरा मासा सोडला होता, तो संध्याकाळपर्यंत उरला नाही. गोगलगाय सोडली, तिचा फक्त शंख उरला. शोभेचं प्लास्टिकचं झाड तर त्यानं मुळासकट उपटलं, आणि प्लास्टिकच्या झाडाला मूळ नसतं हे लक्षात आल्यावर अजूनच चिडला. शेवटी टाकीत तो आणि खाली अंथरलेले खडे एवढंच राहिलं. मग त्याची नजर काचेबाहेर गेली. सोफ्यापर्यंतची खोली आपली आहे असं त्यानं ठरवून टाकलं.

हूंग चष्म्याच्या दुकानात कामाला होता. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवून तो घरी यायचा आणि भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखा आडवा सरकत आपल्या खोलीकडे जायचा. खोलीच्या मधून गेला की तौके काचेवर डोकं आपटायचा आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज यायचा.

“हूंग, त्याला त्रास देऊ नको.”

“मी नुसता चाललोय, आई.”

“मग नीट चाल.”

आईसमोर मात्र तौके वेगळाच असायचा. रोज संध्याकाळी आई टाकीच्या डाव्या कोपऱ्यात काचेला तळवा लावून उभी राहायची. तौके हळूच तिथं यायचा, कुशीवर कलायचा आणि तळव्याशी अंग टेकून तसाच पडून राहायचा. माशाला पापण्या नसतात, नाहीतर त्यानं डोळेसुद्धा मिटले असते. आई त्याला दिवसभराचं सगळं सांगायची. हूंगला घरातल्या बऱ्याच बातम्या अशाच, भिंतीच्या कडेनं जाताना कळल्या होत्या.

हा दुसरा तौके. पहिला मेला, त्यानंतर दुसरा आणायला मामाला सवड झाली नाही, आणि टाकी रिकामी असताना त्याच आठवड्यात बाबा गेले. आईनं यावर कधी एक शब्द काढला नाही. फक्त त्यानंतर ती टाकी एक दिवसही रिकामी राहिली नाही.

आता आरशाचं. टेंगूळ चांगलं फुगावं म्हणून या माशांना रोज थोडा वेळ आरसा दाखवतात. आरशात दुसरा मासा दिसतो, याचं डोकं फिरतं, टेंगूळ तट्ट होतं, रंग चढतो. मग आरसा काढायचा, की मासा समजतो आपण त्या हरामखोराला हाकलला, आणि उरलेला दिवस त्याच ताठ्यात काढतो. आरसा हूंगच्याच दुकानातला होता, गिऱ्हाइकाला चष्मा कसा दिसतो ते दाखवायचा. आईचा नियम असा, की सकाळी कॉफीचं पाणी ठेवलं की आरसा लावायचा आणि पाण्याला उकळी आली की काढायचा. त्याहून जास्त वेळ ठेवायचा नाही. लढाई जिंकली की थांबवावी लागते, नाहीतर ती जिंकल्याचं कळत नाही, असं ती म्हणायची.

आईच्या हृदयाची झडप अरुंद झाली होती. तपासण्यांसाठी तिला दवाखान्यात ठेवलं होतं, सोबत हूंगची थोरली बहीण पुई सान होती आणि घरी तौकेची सेवा हूंगकडे आली होती. सोमवारी सकाळी त्यानं चुलीवर पाणी ठेवलं, आरसा लावला, आणि फोन वाजला.

“आईच्या छातीत परत आवळून आलं,” सान म्हणाली. “आहेस तसा ये.”

हूंग काळजीवाहू माणूस होता. त्यानं गॅस बंद केला. पंखा बंद केला. मागच्या दाराची कडी लावली. देव्हाऱ्यातल्या उदबत्त्या विझल्यात का ते बोट लावून पाहिलं. कुलूप दोनदा ओढून पाहिलं, मोटारसायकलपाशी गेला आणि परत येऊन अजून एकदा ओढलं. पाण्याला काही उकळी आली नाही, त्यामुळे आरसा काढायची वेळ आली नाही.

दवाखान्यात पोचेपर्यंत आईचं दुखणं ओसरलं होतं. पण डॉक्टरांनी सांगितलं, आता थांबण्यात अर्थ नाही, परवा सकाळी ऑपरेशन करू. पुन्हा असं आवळून आलं तर ते ओसरेलच याची खात्री नाही. सान ऐकून रडली. आई ऐकून म्हणाली, “तौकेला बघितल्याशिवाय मी कुठं जाणार नाही.”

“आई, तो मासा आहे,” सान म्हणाली.

“मी कुठं म्हटलं तो वकील आहे?”

“अगं, डॉक्टर काय म्हणतात ते...”

“डॉक्टर आज भेटले. तौकेला मी बोटाएवढा असल्यापासून ओळखते. तो नीट असला तर जाईन. नसला तर घरी नेऊन सोडा मला.”

आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली. ही तिची जुनी पद्धत होती. घर गहाण टाकायचं नाही, सानला आलेलं पहिलं स्थळ पत्करायचं नाही, असे निर्णय तिनं तसेच भिंतीकडे तोंड करून घेतले होते आणि एकही बदलला नव्हता.

हूंग रात्री तिथंच बाकावर राहिला. मंगळवारी दुपारी आईच्या सपाता आणायला आणि संध्याकाळी फोनवरून मासा दाखवायला त्याला घरी पाठवलं. कुलूप जागच्या जागी होतं. ते बघून त्याला बरं वाटलं, आणि पुढं बराच काळ बरं वाटलेलं ते शेवटचं.

टाकीसमोरच देव्हारा होता आणि देव्हाऱ्यातला लाल दिवा दिवसरात्र जळायचा. म्हणजे तौकेला रात्रभर समोरचा शत्रू चांगला दिसत राहिला होता. आता तो तळाशी, खड्यांवर आडवा पडला होता. रंग धुतलेल्या फडक्यासारखा. तोंड सोलवटलेलं. टेंगूळ हवा गेलेल्या चेंडूसारखं बसलेलं. त्याच्यासमोर आरसा, आणि आरशात दुसरा मासा, तसाच आडवा. दोघंही हरले होते.

हूंगनं आरसा काढला. मग त्याच्या लक्षात आलं, की आपण खोलीच्या मधोमध उभे आहोत आणि कुणीही काचेवर डोकं आपटलेलं नाही. या क्षणाची त्यानं कैक वर्षं वाट पाहिली होती. पण आता त्याला टाकीतला मासा दिसत नव्हता, भिंतीकडे तोंड करून पडलेली आई दिसत होती.

त्यानं मामाला फोन केला.

मामाचं नाव काम लोय. आईचा धाकटा भाऊ, निवृत्त, आणि माशांतला जाणकार असा त्याचा स्वतःचा समज होता. तौकेच्या कुशीवरच्या खुणांत त्याला लॉटरीचा आकडा दिसायचा. आकडा दर वेळी वेगळा असायचा आणि दर वेळी चुकायचा. पण मासा चुकला असं मामा कधी म्हणाला नाही, तो हूंगच्या दुकानात येऊन चष्म्याचा नंबर तपासून घ्यायचा. आत्ता तो जाडं मीठ, जंगली बदामाची वाळकी पानं आणि मेंगलेंबू गावच्या भाजक्या शेंगांची पिशवी घेऊन आला. शेंगा त्याच्या स्वतःसाठी होत्या.

“काय केलंस रे याला?”

“आरसा राहिला.”

“किती वेळ?”

“कालपासून.”

मामानं टाकीकडे पाहिलं, हूंगकडे पाहिलं आणि एक शेंग फोडली. “म्हणजे तो कालपासून स्वतःशीच मारामारी करतोय. माणसं करतात तशी. पण माणसाला अधूनमधून जेवायला उठवतात.”

“वाचेल का?”

“माहीत नाही. मीठ टाकू, पान टाकू. पान टाकलं की पाणी चहासारखं होतं, जखमा भरतात. दिवा मालव. समोर उभा राहू नको, तुझ्यामुळे त्याला त्रास होतो.”

“आत्ता नाही होत,” हूंग म्हणाला. “हीच तर भीती आहे.”

त्यांनी पाणी बदललं, मीठ विरघळवून टाकलं, पानं सोडली. मासा हलला नाही, नुसते कल्ले उघडमीट करत राहिला. हूंग त्या कल्ल्यांबरोबर श्वास घ्यायला लागला आणि थोड्या वेळात त्याला चक्कर आली. मामानं त्याला सोफ्यावर बसवलं. सहाच्या सुमाराला आईचा व्हिडिओ कॉल यायचा होता.

“माझ्या फोनमध्ये त्याची फिल्म आहे,” मामा म्हणाला. “मीच काढली होती. चांगला नाचतोय त्यात. माझा फोन तुझ्या फोनसमोर धर. म्हातारीला काय कळतंय?”

“ती तुझी सख्खी बहीण आहे, मामा.”

“म्हणूनच सांगतोय. लहानपणी मी तिला खूप फसवलंय.”

“आणि?”

“आणि दर वेळी मार खाल्लाय. पण तेव्हा व्हिडिओ नव्हते.”

फोन आला. पडद्यावर आई, मागं पांढरी उशी. ती एका दिवसात लहान झाल्यासारखी दिसत होती. हूंगनं मामाचा फोन आपल्या फोनसमोर धरला. त्यात तौके लालबुंद, टेंगूळ पुढं काढून इकडून तिकडं फिरत होता. आई बघत राहिली. 

“छान आहे,” आई म्हणाली. “हूंग, आज वार कोणता?”

“मंगळवार.”

“मग त्याच्या मागं कॅलेंडरचं पान लाल कसं? लाल पान रविवारचं.”

हूंगनं भिंतीकडे पाहिलं. खऱ्या कॅलेंडरवरचं पान काळ्या आकड्याचं होतं, आणि तेही कालचं, कारण आज ते कुणी फाडलंच नव्हतं. मामाच्या फोनमध्ये मात्र रविवार चालू होता. मामानं हळूच शेंगांची पिशवी उचलली आणि तो स्वयंपाकघरात निघून गेला.

“लोय तिथं आहे ना?” आई म्हणाली. “त्याला सांग, मला अजून दिसतं.”

मग हूंगनं सगळं सांगितलं. पाणी, फोन, गॅस, कुलूप, आरसा. सांगता सांगता त्यानं मोबाइल खऱ्या टाकीकडे वळवला. चहाच्या रंगाच्या पाण्यात तौके आडवा पडला होता. पलीकडे सानचा श्वास अडकल्याचं ऐकू आलं.  आई आता भिंतीकडे वळेल, म्हणून हूंग वाट पाहत राहिला.

“आरसा कधीपासून होता?” आईनं विचारलं.

“काल सकाळपासून. ताईचा फोन आला तेव्हापासून.”

“म्हणजे माझ्या छातीत आवळून आलं तेव्हापासून.”

“हो. माझी चूक झाली, आई.”

“गप्प बस. मला हिशोब लावू दे.” तिनं डोळे मिटले. “पहिला तौके गेला त्या दिवशी बाबांच्या स्कूटरला लॉरी चाटून गेली. अंगावर ओरखडा नाही. ते घरी आले तर मासा उलटा तरंगत होता. आठवतंय?”

“हो.”

“बाबांवरचं संकट त्यानं घेतलं स्वतःवर. मग टाकी रिकामी राहिली, आणि पुढच्या वेळी घेणारं कुणी नव्हतं.” तिनं डोळे उघडले. चेहऱ्यावर रंग आला होता. “काल मला एवढं आवळून आलं आणि आपोआप सुटलं. डॉक्टरसुद्धा म्हणाले कसं सुटलं कळत नाही. याला कळलं होतं. सान, नर्सला बोलाव. सही कुठं करायची ते विचार.”

“तू जाणार?” हूंग म्हणाला.

“आता न जायला काय झालं? माझ्यावरचं त्यानं घेतलंय. तो पडला म्हणून मी उठणार. उद्या सकाळी आत जायच्या आधी त्याला एकदा दाखव, मला त्याचे पाय धरायचेत.”

“त्याला पाय नाहीत,” सानचा आवाज आला.

“तू नर्सला बोलाव.”

फोन बंद झाला. मामा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. कितीतरी वेळ दोघं नुसते हसत राहिले. मग मामाचं हसू टाकीकडे वळलं आणि हळूहळू उतरलं.

“हूंग. हा उद्यापर्यंत पडलेला राहायला पाहिजे.”

“मग?”

“आपण मीठ टाकलंय. पानं टाकलीयेत.”

“तू म्हणालास वाचेल का ते माहीत नाही.”

“मी तसं म्हणतो. पण मीठ माझं ऐकत नाही.”

दोघांनी टाकीत वाकून पाहिलं. तौकेनं शेपटी किंचित हलवली. थोड्या वेळापूर्वी ही आनंदाची गोष्ट ठरली असती.

“पानं काढू या?” मामा म्हणाला.

“म्हणजे मारून टाकायचं?”

“मारायचं नाही रे. नुसतं बरं करायचं नाही.”

हूंगनं विचार केला. तौके त्याला आजवर अनेकदा चावला होता, एकदा पाहुण्यांसमोर. पण काल सकाळपासून तो आरशाशी लढत होता ते हूंगच्या विसरण्यामुळं. “पानं राहू दे,” तो म्हणाला. “पण देवाला सांगू, सावकाश बरं कर.” आणि त्यानं खरोखरच तीन उदबत्त्या लावल्या. देवासमोर उभं राहून, आजारी जीव आणखी थोडा वेळ आजारी राहू दे अशी प्रार्थना त्यानं केली, आणि देवानं गैरसमज करून घेऊ नये म्हणून पुन्हा एकदा, नीट, कोणता जीव ते नाव घेऊन सांगितलं.

सकाळी हूंग सोफ्यावर जागा झाला तो काचेवर डोकं आपटल्याच्या आवाजानं.

तौके उठला होता. नुसता उठला नव्हता, पार वयात आल्यासारखा दिसत होता. रंग परतला होता, टेंगूळ निम्मंअधिक भरलं होतं, आणि एक रात्र परका माणूस आपल्या हद्दीत झोपला हे कळल्यामुळे त्याचा तोल पूर्ण सुटला होता. तो तोंडानं खडे उचलायचा आणि काचेवर मारायचा. टक्. टक्.

हूंग भिंतीला चिकटला. बाहेर मामाची सायकल लागली.

“मामा, तो बरा झाला.”

“अरे देवा,” मामा म्हणाला. शोकसभेला आल्यासारखा तो टाकीसमोर उभा राहिला. “एवढा? थोडा तरी कण्हायचा.”

“आईला दिसलं तर तिला वाटेल, त्यानं घेतलेलं परत केलं. मग ती भिंतीकडे वळेल. आणि पुन्हा आवळून आलं तर...” 

फोन वाजला. सान होती, नुसता आवाज, चित्र नाही. “थोड्या वेळात नेणार आहेत. आईला बोलायचंय.”

“हूंग,” आईचा आवाज दमलेला होता. “पडलाय ना अजून?”

“हो, आई.”

टक्, असा खडा काचेवर बसला.

“हा कसला आवाज?”

हूंगनं मामाकडे पाहिलं. “मामा शेंगा फोडतोय.”

मामानं घाईनं पिशवी उघडली. पुढचा खडा बसला. मामानं एक शेंग फोडली, किंचित उशिरा. मग खडा, मग शेंग. मग तौकेनं लागोपाठ दोन मारले आणि मामानं दोन्ही हातांनी दोन फोडल्या. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

“सकाळी सकाळी किती खातो हा,” आई म्हणाली. “हूंग, व्हिडिओ लाव. मला त्याला बघायचंय.”

“आई, आत अंधार आहे.”

“दिवा लाव.”

“दिव्याचा त्याला त्रास होतो.”

“हूंग,” आई म्हणाली. “हा रविवार आहे की बुधवार?”

मामानं फोन हूंगच्या हातातून काढून घेतला आणि बोलायच्या बाजूवर तळवा दाबला. “तू जा इथून,” तो कुजबुजला. “तुला बघून चेकाळतो तो. स्वयंपाकघरात जा, दार लाव. मी बघतो.”

“तू काय बघणार?”

“ते मला माहीत असतं तर मी घाबरलो असतो का? जा.”

हूंग स्वयंपाकघरात गेला. चुलीवर सोमवारचं भांडं तसंच होतं, थंड पाण्यानं भरलेलं. त्यानं दाराच्या फटीला डोळा लावला. मामानं व्हिडिओ लावला आणि फोन टाकीकडे वळवला, जितका लांब हात जाईल तितक्या लांबून, भाजणारी वस्तू धरावी तसा. नेमका डाव्या कोपऱ्यात.

पडद्यावर आईचा चेहरा होता. तिनं तळवा उचलून दाखवला.

तौके खडा तोंडात घेऊन थांबला. त्यानं फोनकडे पाहिलं.  मग तौकेनं खडा टाकून दिला. तो हळूहळू डाव्या कोपऱ्यात आला, कुशीवर कलला, आणि रोजच्यासारखा काचेला अंग टेकून पडून राहिला.

“पडलाय गं,” आई म्हणाली. “पडलाय बिचारा. ऊठ म्हणायचीसुद्धा सोय नाही.”

मामानं हुंदका दिला. तो खोटा द्यायचा ठरवला होता, पण खराच आला.

“तौके, ऐक,” आई म्हणाली. “माझं घेतलंस, आता तुला काय देऊ? दुरून हात लावते. आत जायची मला भीती वाटतेय. सानला सांगितलं नाही, ती रडेल. तुला सांगते.” तिनं तळवा पडद्याला टेकवला. “हूंगला चावत जाऊ नको. त्याला कुलूप लावता येतं, बाकी फारसं काही येत नाही. मी नसले तर तुम्ही दोघंच. खोली मोठी आहे, त्याला मधून चालू दे.”

फटीला लावलेला डोळा हूंगनं काढून घेतला. तो थंड पाण्याच्या भांड्यासमोर उभा राहिला. त्याला उगाचच ते पाणी उकळावंसं वाटलं. मागून सानचा आवाज आला, आले, न्यायला आले. मग फोन बंद झाल्याचा आवाज आला, आणि लगेच खडा. टक्.

आता काही करण्यासारखं उरलं नव्हतं. मामा सोफ्यावर बसून रिकामी टरफलं पुन्हा फोडत होता. हूंगला बसवेना. काहीतरी काम हवं म्हणून तो टाकीतली जुनी पानं काढायला गेला. झाकणाची काच सरकवली आणि हात घातला. चावू नको असं तौकेला सांगितलेलं होतं, पण ते बहुधा दुरून नीट ऐकू गेलं नव्हतं. त्यानं अंगठ्याच्या मुळाशी असा दात रोवला, की हूंगनं हात ओढला, तो झाकणाच्या कडेला लागला, काच तडकली आणि तळहात चांगला चिरला.

“टाके पडणार,” मामा म्हणाला. त्यानं पिशवी बाजूला ठेवली, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

“नंतर.”

“नंतर काय? टाकी लाल होतेय. तौके आणखी भडकेल.”

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात टाके घालताना हूंगच्या दुसऱ्या हातात फोन होता. त्याच्याकडे बघता बघता टाके पडले. फोन वाजला नाही. परत येतानाही वाजला नाही. मामानं नूडल्स आणले, ते कुणी खाल्ले नाहीत. दुपार उलटल्यावर सानचा फोन आला. ती इतकी रडत होती, की हूंगला आधी काहीच कळेना. मग मामानं फोन घेतला, ऐकलं आणि म्हणाला, “बाई, आधी सांगायचं असतं, मग रडायचं असतं.” झडप नीट बसली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांना आत सोडलं. आई नळ्यांच्या मधोमध होती. डोक्याशी यंत्र टुक टुक करत होतं. तिनं डोळे उघडले, सानकडे पाहिलं, मग हूंगकडे.

“तौके गेला?” तिनं विचारलं. आवाज सुकलेला होता.

हूंगनं वाटेत दोन्ही उत्तरं तयार केली होती. पण तोंडातून खरं निघालं. “नाही, आई. बरा आहे. खातोय.”

साननं त्याला मागून चिमटा काढला. आईच्या कपाळावर आठी पडली. यंत्र जरा जोरात वाजायला लागलं.

“बरा झाला?” ती म्हणाली. “मग माझं कुणी घेतलं?”

 यंत्राचा वेग वाढत होता. दारातल्या नर्सनं मान वर केली. मामा पुढं सरकला आणि बहुधा मी घेतलं म्हणून सांगणार होता, पण तो अगदीच धडधाकट दिसत होता. आईची नजर एकेकावरून फिरत आली आणि हूंगच्या हाताच्या पट्टीवर थांबली.

“हाताला काय झालं?”

“तौके चावला. आणि काच लागली.”

“कधी?”

“काल सकाळी. तुला आत नेलं तेव्हा.”

“टाके?”

“पडले.”

“किती?”

खरा आकडा सांगावा की वाढवून, यावर हूंगनं क्षणभर विचार केला आणि वाढवून सांगितला. आई मनातल्या मनात काहीतरी मोजत होती. कपाळावरची आठी गेली. यंत्र हळूहळू आपल्या चालीवर आलं. नर्सनं मान खाली घातली.

“दुखतंय?” आईनं विचारलं.

“खूप,” हूंग म्हणाला. हे त्यानं अजिबात वाढवलेलं नव्हतं.

“मग ठीक आहे,” आई म्हणाली आणि झोपली.